बंद पडला की बंद केला?

कॉम्प्युटरवर वाक्य अर्धं टाइप झालेलं असतं आणि स्क्रीन काळी होते. त्याच क्षणी पंख्यांची घरघर थांबते. दिवसभर कानाला सवय झालेला तो बारीक आवाज गेला की खोली एकदम सुनी वाटायला लागते. हात आपोआप बटणाकडे जातो. सुरू झाला तर झालं असेल काहीतरी म्हणून काम पुढे चालू, नाही झाला तर दुकानदाराला फोन. या घाईत सगळ्यात मोलाची गोष्ट निसटते: तो नेमका कसा बंद झाला, हे कुणी पाहिलेलंच नसतं.

आपल्या भाषेत एसटी बंद पडते, मिक्सर बंद पडतो, तसाच कॉम्प्युटरही बंद पडतो. ‘पडणं’ म्हटलं की करणारा कुणी उरत नाही. डेस्कटॉपच्या बाबतीत मात्र बहुतेक वेळा करणारा असतो. भिंतीतून येणारी वीज थांबते, किंवा यूपीएस हात टेकतो, किंवा एसएमपीएसला (भिंतीची वीज कॉम्प्युटरला चालेल अशी करून देणारा कॅबिनेटमधला डबा) आत काहीतरी जास्त ओढलं जातंय असं दिसतं आणि तो स्वतःला बंद करून घेतो, किंवा प्रोसेसर सोसण्यापलीकडे तापतो, किंवा विंडोज स्वतः शटडाउन करते. यातले बरेचसे पहारेकरीच आहेत, आग लागू नये आणि पार्ट जळू नयेत म्हणून बसवलेले. प्रत्येकाची बंद करण्याची रीत वेगळी आणि मागे ठेवलेली खूणही वेगळी. म्हणून काय बदलायचं हे ठरवण्याआधी कुणी बंद केलं ते शोधावं.

हे न शोधता जे होतं ते चोर सोडून संन्याशाला फाशी या जातीचं असतं. पहिला बळी विंडोजचा: ‘फॉरमॅट मारून देतो’. मग रॅम काढून खोडरबराने घासली जाते. मग मदरबोर्डवरचा बटणसेल बदलला जातो. त्या बिचाऱ्या सीआर२०३२ सेलचं काम एवढंच की वीज नसताना घड्याळ आणि बायोसची, म्हणजे विंडोजच्या आधी जागा होणाऱ्या मदरबोर्डवरच्या प्रोग्रामची, सेटिंग्ज सांभाळायची. तो संपला तर तारीख चुकते, सुरू होताना सेटिंग्ज हरवल्याचा मेसेज येतो. चालू कॉम्प्युटर तो बंद करत नाही. आणि फॉरमॅटचं म्हणाल तर वीजच तुटत असेल तर विंडोजला काय झालं याचा पत्ताही नसतो. ती पुसून पुन्हा टाकल्याने काहीच बदलत नाही, फक्त टॅलीतल्या हिशेबांचा बॅकअप घ्यायचा राहून गेला असेल तर ते कायमचे जातात.

पहिली साक्ष मॉनिटरची घ्यावी. कॉम्प्युटर गेला तेव्हा मॉनिटरही पूर्ण विझला, त्याचा छोटा दिवासुद्धा गेला, तर दोघांना मिळून वीज देणारं जे काही आहे, म्हणजे यूपीएस, एक्स्टेंशन बोर्ड, भिंतीचं सॉकेट, तिथे बघायचं. मॉनिटरवर ‘नो सिग्नल’ आलं आणि दिवा लुकलुकत राहिला, तर वीज टेबलापर्यंत व्यवस्थित पोचते आहे आणि गोष्ट कॅबिनेटच्या आत घडली आहे. मात्र त्यासाठी मॉनिटर आणि कॅबिनेट एकाच यूपीएसवर हवेत.

दुसरी साक्ष बटणाची. बंद झाल्यावर लगेच दाबलं आणि लगेच सुरू झाला, तर एसएमपीएसचं संरक्षण अडकून बसलेलं नव्हतं. दाबलं, काहीच झालं नाही, मागचा स्विच बंद करून अर्धा मिनिट थांबून पुन्हा लावल्यावर मात्र सुरू झाला, तर एसएमपीएसच्या संरक्षणाने झडप घातली होती. जास्त करंट, जास्त व्होल्टेज किंवा शॉर्ट दिसला की चांगला एसएमपीएस स्वतःला कुलूप लावतो, आणि भिंतीची वीज एकदा काढल्याशिवाय ते कुलूप उघडत नाही. ही एक खूण कळली तरी अर्धी शोधाशोध वाचते.

तिसरी युक्ती बायोसमधली, आणि ती फारशी कुणी वापरत नाही. तिथे वीज गेल्यावर काय करायचं याचं एक सेटिंग असतं. ‘रिस्टोअर ऑन एसी पॉवर लॉस’ किंवा त्यासारखंच काहीतरी नाव असतं. ते ‘पॉवर ऑन’वर ठेवायचं आणि काम करत राहायचं. पुढच्या वेळी बंद होऊन तो आपला आपण पुन्हा सुरू झाला, तर भिंतीकडून येणारी वीज खरंच तुटल्याचा संशय बळावतो. मेल्यासारखा पडून राहिला, तर वीज होती आणि आतल्या कुणीतरी बंद केलं. मागचा स्विच एकदा काढून लावून हे सेटिंग चालतं ना, ते आधी पाहून घ्यावं.

आता विंडोजची वही. स्टार्टमध्ये ‘इव्हेंट व्ह्यूअर’ शोधायचं, ‘विंडोज लॉग्ज’ आणि त्यात ‘सिस्टिम’ उघडायचं. कर्नल-पॉवर या नावाने ४१ क्रमांकाची नोंद तिथे बहुधा दिसेल. ती पाहून ‘कर्नल खराब’, म्हणजे विंडोजचा गाभाच बिघडला, असं समजणारे बरेच असतात. ही नोंद बंद होताना लिहिलेलीच नसते. पुन्हा सुरू झाल्यावर विंडोज मागे वळून बघते आणि लिहून ठेवते की मागच्या वेळी नीट निरोप न घेता गेलो. ६००८ ची नोंदही तेच सांगते. त्या ४१ च्या तपशिलात ‘बगचेककोड’ नावाची ओळ आहे, तिच्याकडे बघायचं. तिथे शून्य असेल तर विंडोजला क्रॅश लिहायलाही वेळ मिळाला नाही. बहुतेक वीज तुटली, किंवा सगळं गोठलं आणि कुणीतरी बटण दाबून धरलं. शून्याऐवजी दुसरा आकडा असेल तर निळी स्क्रीन येऊन गेली, आणि मग ड्रायव्हर, रॅम, डिस्क या बाजूला वळायचं. १०७४ ची नोंद दिसली तर कुणीतरी रीतसर शटडाउन किंवा रीस्टार्ट केलं आहे. कोणत्या प्रोग्रामने केलं तेही तिथेच लिहिलेलं असतं, आणि बऱ्याचदा ते अपडेट निघतं.

विंडोजवरचा संशय पूर्ण फेडायचा तर कॉम्प्युटर बायोसच्या स्क्रीनवर तासभर तसाच सोडावा. तिथे विंडोज नाही, ड्रायव्हर नाही, व्हायरस नाही. तिथेही बंद झाला तर फॉरमॅटचा विषय संपला. तिथे टिकला म्हणून मात्र हार्डवेअर निर्दोष ठरत नाही, कारण बायोसमध्ये ग्राफिक्स कार्डावर काहीच भार नसतो.

आपल्याकडे गुन्हेगार शोधायला सुरुवात करावी ती भिंतीपासून. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? आपल्या विजेची लाट ५० हर्ट्झची, म्हणजे एक फेरा २० मिलिसेकंदांचा. वीज तुटल्यावर एसएमपीएसने आपल्या कपॅसिटरमधल्या साठ्यावर साधारण १६-१७ मिलिसेकंद तग धरावा, अशी एटीएक्सची, म्हणजे डेस्कटॉपच्या एसएमपीएससाठी ठरलेल्या मानकाची, अपेक्षा आहे. म्हणजे एक फेरासुद्धा नाही. साधा लाइन-इंटरॅक्टिव्ह यूपीएस बॅटरीवर यायला ४ ते १० मिलिसेकंद घेतो; ‘टक्’ असा जो आवाज येतो तो त्याच्या रिलेचा, म्हणजे आपोआप पलटणाऱ्या आतल्या स्विचचा. एसएमपीएस धडधाकट असेल तर ही उडी सहज निभावते. त्यातला कपॅसिटर वाळलेला असेल तर १६ चे ६ होतात आणि लाइट नुसती मिणमिणली तरी कॉम्प्युटर जातो. अशा वेळी दोष दिसतो यूपीएसचा आणि असतो एसएमपीएसचा.

घरच्या इन्व्हर्टरवर कॉम्प्युटर चालवणाऱ्यांनी इन्व्हर्टरच्या मागचा छोटा स्विच बघावा. त्यावर बहुधा ‘यूपीएस’ आणि ‘नॉर्मल’ किंवा ‘ईको’ असे दोन पर्याय असतात. नॉर्मलमध्ये तो पंखे-दिव्यांच्या सोयीने वागतो: व्होल्टेज फार खाली गेलं तरी मेनवरच राहतो आणि बॅटरीवर यायला निवांत वेळ घेतो. पंख्याला ते कळतही नाही. कॉम्प्युटरला कळतं. यूपीएस मोडमध्ये तो साधारण १८० ते २६० व्होल्टच्या बाहेर वीज गेली की झटकन बॅटरीवर येतो. संध्याकाळी व्होल्टेज डीम होणाऱ्या गावांत केवळ हा स्विच सरकवून रोजचा त्रास थांबू शकतो.

यूपीएसची बॅटरी तपासताना कॉम्प्युटरचा बळी देऊ नये. घरात जुना पिवळा १०० वॅटचा बल्ब असेल तर तो यूपीएसला लावावा आणि भिंतीचा स्विच बंद करावा. ६०० व्हीएच्या साध्या यूपीएसमध्ये १२ व्होल्ट ७ अँपिअर-तासांची बॅटरी असते, कागदावर ८४ वॅट-तास. इतक्या जोराने उपसली तर त्यातली निम्मीच्या आसपास हाती लागते. तरीही एका बल्बाला १५-२० मिनिटं सहज मिळायला हवीत. दोन मिनिटांत विझला तर बॅटरी गेली. दोन-चार वर्षांत ती जातेच, उष्ण खोलीत त्याआधी. आणखी एक: प्रिंट देताना कॉम्प्युटर बंद होत असेल तर लेझर प्रिंटर यूपीएसवर लावलेला नाही ना, ते बघा. त्याचा फ्यूजर (शाई कागदावर वितळवून बसवणारा गरम रोलर) तापताना क्षणात कित्येकशे वॅट ओढतो, आणि ६०० व्हीएचा यूपीएस द्यायचा तो साधारण ३६० वॅट. प्रिंटर थेट भिंतीला लावायचा.

सॉकेटात पिन ढिली बसणं, मल्टिप्लगमधली पितळी पट्टी सैल होणं, एसएमपीएसमागची केबल अर्धवट बाहेर येणं, या गोष्टी सांगण्यासारख्याही वाटत नाहीत, तरी आधी त्याच बघाव्यात. प्लग काढून पिन काळवंडली आहे का बघा. काळी पिन म्हणजे तिथे ठिणग्या पडत होत्या. कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर अर्थिंग नाही. एसएमपीएसमधले फिल्टर कपॅसिटर फेज आणि न्यूट्रल दोघांनाही बॉडीशी जोडतात, त्यामुळे अर्थ नसली की बॉडीवर मेनच्या निम्मं व्होल्टेज तरंगत राहतं. करंट अगदी थोडा असतो, पण यूएसबी लावताना रीसेट होणं किंवा स्पीकर गुणगुणणं यामागे बऱ्याचदा हेच असतं. यावर इलाज इलेक्ट्रिशियनकडे.

मग उष्णता. तिची चाल ओळखू येते. कॉम्प्युटर आधी हळू होतो, पंखा किंचाळतो, मग जातो. लगेच सुरू केला तर पहिल्यापेक्षा लवकर जातो, कारण आतला धातू अजून गार झालेला नसतो. तासाभराने सुरू केला तर पुन्हा पहिल्याइतका टिकतो. हल्लीचे प्रोसेसर ९०-१०० अंशांच्या आसपास पोचले की आधी स्वतःचा वेग कमी करतात, आणि तरी पारा चढलाच तर मदरबोर्डला वीज तोडायला सांगतात. म्हणून ६५ अंशांवर बंद होत असेल तर प्रोसेसरच्या तापाला दोष देऊ नये. हे आकडे बघायला एचडब्ल्यूइन्फो हे मोफत सॉफ्टवेअर उत्तम. त्यात सेन्सर उघडून ‘लॉगिंग’ सुरू करून ठेवायचं. दर दोन सेकंदांनी एक ओळ फाइलमध्ये जाते, आणि बंद झाल्यावर त्या फाइलची शेवटची ओळ म्हणजे मरणापूर्वीचा जबाब. प्रोसेसर, ग्राफिक्स कार्ड आणि मदरबोर्डवरच्या व्हीआरएमचं (प्रोसेसरला वीज पुरवणारा भाग) तापमान, तिन्ही बघायची.

नागपूर-चंद्रपूरच्या मे महिन्यात खोली ३० ऐवजी ४२ अंशांवर असते, आणि ते जास्तीचे १२ अंश जसेच्या तसे प्रोसेसरवर चढतात. हिवाळ्यात निर्धोक चालणारा कॉम्प्युटर उन्हाळ्यात बंद होतो तो असा. त्यात कॉम्प्युटर टेबलाचा तो बंद कप्पा. कॅबिनेट आत सरकवलं, दार लावलं, की मागून निघालेली गरम हवा पुढून परत आत जाते. दार काढून टाकावं, मागे चार बोटांहून जास्त जागा सोडावी.

कॅबिनेट उघडल्यावर प्रोसेसरचा पंखा वरून स्वच्छ दिसला तरी फसू नये. पंख्याचे स्क्रू काढून तो उचलला की खाली, अ‍ॅल्युमिनियमच्या पात्यांच्या तोंडावर, करड्या धुळीची एक वाकळ बसलेली सापडते. नखाने कडा धरून ओढली तर अखंड निघते, केस, कापसाचे तंतू, उदबत्तीची राख असं सगळं त्यात विणलेलं. पंखा पूर्ण वेगात फिरतो आणि हवेचा एक कणही खाली जात नाही. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवावं, नाहीतर तो भलत्याच वेगाने फिरून त्याचं बेअरिंग जातं. इंटेलच्या डब्यातल्या कूलरला चार प्लास्टिकचे पाय असतात. त्यातला एक जरी सुटलेला असला तर कूलर एका बाजूने उचलला जातो आणि सुरू केल्यावर मिनिटभरात पारा शंभरीला टेकतो. पाय तिरप्या जोडीने, समोरासमोरचे दोन आधी, असे ‘टक्’ आवाज येईपर्यंत दाबायचे आणि मदरबोर्डच्या मागून चारही टोकं बाहेर आलेली डोळ्यांनी बघायची. कूलर उचलला की प्रोसेसर आणि कूलरमधली उष्णता वाहून नेणारी जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून नवी लावायचीच. मधोमध तूरडाळीच्या दोन दाण्यांएवढी पुरते.

सगळ्यात जास्त वेळ मात्र एसएमपीएसपाशी थांबावं, कारण अचानक, आवाज न करता, भार पडताच जाणाऱ्या कॉम्प्युटरचं मूळ बऱ्याचदा तिथेच असतं. स्वस्त कॅबिनेटबरोबर आलेल्या एसएमपीएसवर मोठ्या अक्षरात ४५० वॅट लिहिलेलं असतं. तो आकडा सोडून खालचा बारीक तक्ता वाचावा. १२ व्होल्टच्या रकान्यात १४ अँपिअर असेल तर गुणाकार येतो १६८ वॅट. हल्लीचा प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड जवळजवळ सगळी भूक १२ व्होल्टवरच भागवतात, त्यामुळे तुमचा ४५० वॅटचा एसएमपीएस कामाच्या बाजूने १६८ वॅटचाच आहे. उरलेले वॅट ५ आणि ३.३ व्होल्टवर दाखवलेले असतात, जिथे आज फारसं गिऱ्हाईक नाही.

मल्टिमीटर असेल तर चार पिनांच्या जुन्या कनेक्टरवर पिवळी-काळी (१२ व्होल्ट) आणि लाल-काळी (५ व्होल्ट) मोजावी, तीही भार असताना. ५ टक्क्यांची मुभा असते: १२ व्होल्टला ११.४ ते १२.६, ५ व्होल्टला ४.७५ ते ५.२५. भार टाकल्यावर पिवळीवर ११.३ दिसलं तर निकाल लागला. १२.१ दिसलं तर मात्र सुटका होत नाही, कारण मल्टिमीटर सरासरी दाखवतो आणि मिलिसेकंदाची घसरण त्याला दिसतच नाही. हिरवी वायर काळीला जोडून पंखा फिरवून दाखवण्याच्या चाचणीचंही तसंच: पंखा फिरला म्हणजे एसएमपीएस जिवंत आहे, एवढंच कळतं. त्याच्या ताकदीबद्दल काहीही नाही. खरी चाचणी एकच, चांगल्या अवस्थेतला आणि पुरेशा वॅटचा दुसरा एसएमपीएस दोन दिवस लावून बघणं.

एसएमपीएस स्वतः उघडू नये. २३० व्होल्टची लाट सरळ केली की आतल्या मोठ्या कपॅसिटरवर ३२५ व्होल्टच्या आसपास डीसी जमते, काही प्रकारांत ४०० पर्यंत, आणि प्लग काढल्यावरही ती काही वेळ तिथेच बसून असते. बाहेरून जाळीतून टॉर्च मारून बघता येतं: फुगलेलं टोक, तपकिरी ओघळ. कपॅसिटर उष्णतेने म्हातारा होतो. दर १० अंश वाढीला त्याचं आयुष्य ढोबळमानाने निम्मं होतं. सकाळी पहिल्यांदा सुरू व्हायला कुरकुरणारा आणि एकदा गरम झाला की चालणारा कॉम्प्युटर म्हणजे बहुधा अशाच वाळलेल्या कपॅसिटरची तक्रार. कोकणात आणि गोव्यात खाऱ्या दमट हवेने कनेक्टरच्या पिना हिरवट होतात. आणि पावसाळ्यात उबेला एसएमपीएसमध्ये शिरलेली पाल किंवा झुरळं हे शॉर्टचं कारण म्हणून मनात असूच द्यावं.

गेम सुरू होताच किंवा रेंडरिंग लावताच जाणाऱ्या कॉम्प्युटरची गोष्ट थोडी वेगळी. मोठी ग्राफिक्स कार्डं क्षणार्धासाठी आपल्या नेमलेल्या वॅटपेक्षा कितीतरी जास्त ओढतात. सरासरी बेरीज पुरेशी असूनही त्या उसळीने एसएमपीएसचं संरक्षण सुटतं. २०२२ च्या एटीएक्स ३.० मध्ये म्हणूनच मोठ्या एसएमपीएसने १०० मायक्रोसेकंद दुप्पट भार सोसावा असं कलम आलं. घरच्या घरी तपासायचं तर एमएसआय आफ्टरबर्नर या सॉफ्टवेअरमध्ये कार्डाची पॉवर लिमिट ७० टक्क्यांवर आणावी. बंद होणं थांबलं, तर कार्डाला दोष न देता एसएमपीएसकडे बघावं. ८ पिनांची दोन कनेक्टरं हवी असलेल्या कार्डाला एकाच केबलची दोन तोंडं लावलेली असतात. एसएमपीएसला दुसरी केबल असेल तर दोन वेगळ्या ओढाव्यात.

किरकोळ आरोपी पटापट. कॅबिनेटचं बटण आत अडकून राहिलं तर चार सेकंदांनी मदरबोर्ड वीज तोडतो; पॉवर स्विचची वायर मदरबोर्डवरून काढायची, त्या दोन पिना स्क्रूड्रायव्हरने क्षणभर टेकवून सुरू करायचं आणि वायर तशीच काढलेली ठेवून दिवसभर वापरायचं. पुढच्या यूएसबीची वाकलेली पिन शॉर्ट होऊन काही बोर्ड १५ सेकंदांत बंद होण्याचा इशारा देतात. मदरबोर्डखाली एखादा पितळी स्टँडऑफ (बोर्ड पत्र्यापासून वर धरणारा छोटा खुंट) नको तिथे राहून शॉर्ट करत असतो. रॅम खराब असेल तर बंद होण्यापेक्षा निळी स्क्रीन किंवा रीस्टार्ट जास्त दिसतं. रॅम तपासणारं मेमटेस्ट८६ रात्रभर लावावं, आणि त्याआधी बायोसमधलं एक्सएमपी (रॅम जास्त वेगाने चालवणारं सेटिंग) बंद करून बघावं.

भार टाकून तपासायचं तर एका वेळी एकच. आधी फक्त प्रोसेसर, त्याला राबवणारं सिनेबेंच हे सॉफ्टवेअर २० मिनिटं. गार होऊ द्यायचं. मग फक्त ग्राफिक्स, तसंच फरमार्क हे सॉफ्टवेअर १० मिनिटं, तापमानावर डोळा ठेवून. मग दोन्ही मिळून. वेगवेगळे टिकले आणि एकत्र गेले, तर संशय एसएमपीएसवर. दोन्ही टिकले आणि संध्याकाळी सातला नुसती वर्ड फाइल उघडी असताना गेला, तर भिंतीवर.

आणि दुरुस्तीला द्यायचाच झाला तर ‘बंद पडतो’ एवढंच सांगून येऊ नका. कॅबिनेटवर एक चिठ्ठी चिकटवा, अशी: मॉनिटर चालू राहतो. गेम लावल्यावर ५ मिनिटांत जातो, टायपिंग करताना कधीच नाही. शेवटचं तापमान प्रोसेसर ६८, ग्राफिक्स ७१. मागचा स्विच बंद-चालू केल्याशिवाय सुरू होत नाही. पॉवर लिमिट ७० टक्के केली की टिकतो. फॉरमॅट करू नये.